बिजागरी

आधी हात धुऊन ये, नीरजा.
साबणाने. आणि पुसायला कोरडा टॉवेल घे,
दोरीवरचा अजून दमट आहे.
तिकिटाला बोट लावायचं नाही. चिमटा.
भुवयांचा नव्हे गं, हा चपट्या टोकाचा,
जुन्या बाजारात मिळाला, रविवारी,
गंजकी कुलपं विकणाऱ्याच्या गोणपाटावर.
तो साठ म्हणाला, मी चाळीस दिले,
दोघंही नाराज.

पाणी कोमट.
पाकिटाचा तुकडा तोंड वर करून सोड, आणि थांब.
ओढायचं नाही.
लाल कागदाला वेगळी बशी,
नाहीतर अख्खा हंगेरी गुलाबी होतो.
माझा झालाय. 'मग्यार पोस्ता' लिहिलेलं ते पान
मी कुणाला दाखवत नाही.

खाली टीपकागद, वर टीपकागद,
त्यावर टेलिफोन डिरेक्टरी,
पुणे, एकोणीसशे चौऱ्याण्णव.
तिलाही काहीतरी काम हवंच.

आता ही बिजागरी.
दुकानदार हिंज म्हणतात, कारखानीस बिजागरीच म्हणायचे.
तीस वर्षं रेल्वे मेलच्या डब्यात, रात्री, उभ्याने
त्यांनी लोकांची पत्रं खणांत टाकली.
निवृत्तीनंतर सोमवार पेठेत खिडकीशी बसून
नुसती तिकिटं.
"एक तृतीयांश दुमड. लहान बाजू तिकिटाला,
वरच्या दात्यांच्या जरा खाली.
मोठी बाजू पानाला.
जीभ टेकव, चाटू नकोस. कुल्फी नाहीये ती."
आणि तिकीट कोरं असेल
तर बिजागरीसुद्धा नको, त्याला पारदर्शक खिसा.
पाठीवरचा डिंक हीच त्याची अब्रू.

मी नऊ वर्षांचा, शंभर पानी वही घेऊन गेलो त्यांच्याकडे.
दोनशे अकरा तिकिटं, सगळी खळीने चिकटवलेली,
घरच्या, कणकेच्या.
झुरळांनी अर्धा भूतान खाल्ला होता.
ते हसले नाहीत. एकेक पान उजेडाला धरत गेले
आणि एका निळ्या चौकोनापाशी थांबले. मोर.
"हा कुठून कापलास?"

आंतरदेशीय पत्रावरून.
त्यावर तिकीट छापलेलंच असतं, सुटं निघत नाही,
हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.
कात्री हातात होती.
पत्र कुमुदमावशीचं, भुसावळहून, आईला.
तिनं ते एकदाच वाचलं, उभ्या उभ्या,
आणि डब्याखाली सरकवलं.
दुसऱ्यांदा वाचायला काढलं
तेव्हा त्याला खिडकी पडलेली.
मला ती काहीच बोलली नाही.
मारलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटायचं.

कारखानिसांनी ओला कापूस घेतला.
कडेकडेने, पाऊण तास. चहावर साय धरली.
मग वहीचं पान सोडून मोर वर आला,
आणि त्याच्या पाठीवर बॉलपेन,
फिकट, पण टिकलेलं:
'ला सांगू नको'
आणि खालच्या ओळीत
'दा येऊन जा'.

त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही.
मोर टीपकागदावर पालथा ठेवला, मग सुलटा केला,
म्हणाले, "याला खिसा नको. बिजागरी लाव.
पुढून सरकारचं आहे,
मागून तुझ्या आईचं."

ही ती बिजागरी. ही पहिली, म्हणून तिरकी.
त्या संध्याकाळी आईनं फोडणी देता देता
वही ओट्यावर घेतली, मोर नखानं उचलला,
वाचलं, खाली ठेवला.
गॅस बारीक केला. परत उचलला.
शनिवारी आम्ही भुसावळला गेलो.
का, ते तेव्हा कळलं नाही,
आणि कळलं तेव्हा विचारायला कुणी नव्हतं.

हो, बघ ना. उचल.
खालच्या कोपऱ्यात पिवळं दिसतंय ती हळद,
तिनं हात धुतले नव्हते.
तू चिमटा घे.